व्यसन सोडणारास बक्षीस कां द्यावें?

अमेरिकेंतील कांहीं व्यसनमुक्ति-केंद्रांत टेबलावर एक मोठें काचेचें भांडें ठेविलेलें असतें. त्यांत ५०० चिठ्ठ्या असतात. मेथॅम्फेटामाइन ह्या मादक द्रव्याच्या आहारीं गेलेला मनुष्य ठरलेल्या वारीं तेथें येतो, लघवीचा नमुना देतो, आणि तपासणींत त्या द्रव्याचा अंश न आढळल्यास त्यास भांड्यांत हात घालून चिठ्ठी काढूं देतात. २५० चिठ्ठ्यांवर नुसतें 'शाबास' एवढेंच लिहिलेलें असतें. २०९ चिठ्ठ्यांवर एखाद्या डॉलराच्या किंमतीची किरकोळ वस्तु मिळते, ४० चिठ्ठ्यांवर सुमारें २० डॉलरांची, आणि साऱ्या भांड्यांत एकच चिठ्ठी अशी असते कीं, ती हातीं लागल्यास १०० डॉलरांचें बक्षीस पदरांत पडतें. कनेक्टिकट विद्यापीठांतील नॅन्सी पेट्री ह्या विदुषीनें ही युक्ति काढली.

हें वाचून आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस हसूं येईल, व कित्येकांस रागही येईल. ज्यानें घरादाराची राखरांगोळी केली, आईच्या अंगावरचें सोनें विकलें, त्यास 'आज तूं विष घेतलें नाहींस' म्हणून साबणाची वडी द्यावयाची आणि वर शाबासकीही! मग ज्या मुलानें त्या विषास कधीं स्पर्शही केला नाहीं त्यानें काय पाप केलें? हा आक्षेप पोरकट नाहीं, व त्याचें उत्तर मी पुढें देणार आहें. परंतु माझें मत आरंभींच सांगून टाकतों. ही लांच नव्हे, हा उपचार आहे. आणि ह्या एका व्यसनापुरतें बोलावयाचें तर, याच्याइतका गुण दाखविणारा दुसरा उपचार आज कोणत्याही डॉक्टराच्या हातीं नाहीं.

प्रथम ह्या द्रव्याची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. तें कोणा गुन्हेगाराच्या तळघरांत जन्मास आलेलें नाहीं. जपानचे नामांकित रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनीं १८८५ सालीं चिनी वैद्यकांतील मा-हुआंग ह्या वनस्पतीपासून एफेड्रीन नांवाचें सत्त्व वेगळें केलें, आणि १८९३ सालीं त्यापासून मेथॅम्फेटामाइन तयार केलें. १९१९ सालीं ओगाता अकिरा यांनीं तें स्फटिकरूपांत सिद्ध केलें. पुढें १९३८ सालीं बर्लिनच्या टेम्लर कारखान्यानें 'पर्व्हिटिन' ह्या नांवानें त्याच्या गोळ्या बाजारांत आणल्या, आणि दुसऱ्या महायुद्धांत जर्मन सेनेनें त्या मुठी भरभरून वांटल्या. १९४० च्या एप्रिल ते जुलै ह्या चार महिन्यांतच ह्या व तशाच दुसऱ्या एका गोळीचे मिळून साडेतीन कोटींहून अधिक नग सैन्याकडे रवाना झाले. ज्यांस १९७२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें ते लेखक हाइनरिख ब्योल त्या युद्धांत साधे शिपाई होते. घरीं लिहिलेल्या पत्रांत ते आईवडिलांकडे पर्व्हिटिनची मागणी करीत.

जपानांत हेंच द्रव्य १९४१ पासून 'हिरोपोन' म्हणून विकलें जाऊं लागलें. 'श्रमाची आवड' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तें नांव घेतलेलें होतें. युद्ध संपल्यावर सैन्याचे सांठे बाजारांत आले, आणि रात्रपाळीचे कामगार, लेखक, विद्यार्थी, बेकार तरुण अशा सर्वांस त्याची चटक लागली. १९५१ सालीं सरकारास स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि १९५४ ह्या एका वर्षांत ५५ हजारांहून अधिक माणसांस त्या कायद्याखालीं अटक झाली. श्रमाची आवड लावणारें औषध तें!

परीक्षेच्या दिवसांत जागरणें करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं ह्या इतिहासांतील एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. हें विष पहिल्या भेटींत चैनीचें आमिष दाखवितेंच असें नाहीं. 'झोप येणार नाहीं, भूक लागणार नाहीं, डोकें तरतरीत राहील' असें सांगत तें बहुधा एखाद्या मित्राच्या हातून येतें. दारूच्या गुत्त्यापुढून मान खालीं घालून जाणारा सालस मुलगाही अशा बोलण्यास फसूं शकतो.

आतां तें करतें काय तें पाहूं. आपल्या मेंदूंत डोपामीन नांवाचें एक द्रव्य असतें. भुकेल्यास जेवण मिळालें, अडलेलें गणित सुटलें, आईनें पाठीवरून हात फिरविला, म्हणजे तें थोडेंसें स्रवतें आणि 'हें पुन्हां कर' असा जणूं निरोप देतें. स्रवलेलें डोपामीन परत आंत ओढून घेणारीं सूक्ष्म द्वारें मज्जापेशींवर असतात. मेथ पेशींत शिरून डोपामीनचा सांठा मोकळा करतें आणि हीं द्वारें उलटीं चालवितें, म्हणजे जेथून आंत यावयाचें तेथूनच सारें बाहेर लोटलें जातें. कोकेनचा अंमल तासाभरांत ओसरूं लागतो. मेथचें निम्में द्रव्य शरीरांतून जावयास दहा-बारा तास लागतात. मनुष्य दिवसचे दिवस झोंपत नाहीं, जेवत नाहीं. कातडीखालीं किडे वळवळतात असा भास होतो, शेजारीपाजारी कट करीत आहेत असें वाटूं लागतें, दांत किडून तुटतात, आणि ऐन तारुण्यांत हृदयविकार किंवा पक्षाघात ओढवतो. अंमल उतरला म्हणजे तो एक-दोन दिवस मेल्यासारखा झोंपतो, आणि उठतो तेव्हां जगांतील कोणत्याही वस्तूंत त्यास गोडी उरलेली नसते.

ही शेवटची अवस्था सर्वांत महत्त्वाची, आणि घरच्या माणसांस तीच सर्वांत कमी समजते. मुलानें व्यसन सोडलें, पंधरा दिवस झाले, तरी तो तोंड पाडून बसतो, आवडीचें ताट समोर आलें तरी हात लावीत नाहीं, धाकट्या बहिणीशीं बोलत नाहीं. वडील म्हणतात, "आतां काय झालें याला? आमच्यावर उपकार करतो आहे काय?" वास्तविक त्या मुलाच्या मेंदूंतील आनंदाची यंत्रणाच त्या वेळीं मोडून पडलेली असते. दारू एकाएकीं सोडल्यास कधीं कधीं जीव धोक्यांत येतो, तसें मेथचें नाहीं. पण ह्या काळोख्या आठवड्यांत आत्महत्येचा विचार मनांत येण्याचा धोका असतो, आणि पुनः व्यसनाकडे वळणें तर अगदीं सोपें असतें.

मोडलेली यंत्रणा दुरुस्त होते काय? बऱ्याच अंशीं होते. नोरा व्होल्को व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, बारा ते सतरा महिने मेथपासून दूर राहिलेल्या पांच माणसांच्या मेंदूंचीं छायाचित्रें पुनः घेतलीं, तेव्हां वर सांगितलेल्या द्वारांची संख्या पुष्कळ वाढलेली दिसली. स्मरण व हालचाल यांत मात्र त्या मानानें सुधारणा झालेली नव्हती. माणसें पांचच होतीं हें खरें, तथापि दिशा स्पष्ट आहे. म्हणजे प्रश्न असा उरतो कीं, तें वर्ष त्या मनुष्यानें काढावें कसें?

औषधानें म्हणावें, तर येथें वैद्यकाची झोळी रिकामी आहे. अफू, हेरॉइन, ब्राउन शुगर यांच्या व्यसनावर मेथाडोन व ब्युप्रेनॉर्फिन हीं औषधें आहेत. त्यांनीं तलफ शमते आणि मनुष्य कामधंद्यास लागूं शकतो. दारूवर डायसल्फिराम, नाल्ट्रेक्सोन अशीं औषधें आहेत. मेथवर सर्वमान्य औषध एकही नाहीं. २०२१ सालीं ४०३ रुग्णांवरील एका प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध झाला. नाल्ट्रेक्सोनचें इंजेक्शन व ब्युप्रोपिऑनच्या गोळ्या एकत्र दिल्या असतां शेंकडा १३.६ जणांस गुण आला. नुसतें दिखाऊ औषध दिलेल्यांत तो शेंकडा २.५ होता. आशेला जागा आहे, पण शंभरांतल्या ज्या पंचाऐशींहून अधिक रुग्णांस गुण आला नाहीं त्यांचें काय?

म्हणून त्या काचेच्या भांड्याकडे पुनः यावें लागतें. व्यसनानें पोखरलेल्या मनाचें एक लक्षण असें आहे कीं, त्यास दूरचें दिसत नाहीं. 'वर्षभर नीट राहिलास तर दुकान काढून देऊं' असें वडील सांगतात. वचन खरें असतें, मोठें असतें, पण वर्षाच्या पलीकडे असतें. आणि मेथची पुडी गल्लीच्या कोपऱ्यावर, दहा मिनिटांच्या अंतरावर असते. आमचे पालकही शाळेंतील मुलांच्या बाबतींत हीच चूक करतात. मार्चमध्यें पहिला नंबर आल्यास सायकल, असें जूनमध्यें सांगतात, आणि रोजच्या गृहपाठाची वही महिनोन्महिने उघडूनही पाहत नाहींत! बक्षिसाचा उपचार ह्याच्या उलट चालतो. बक्षीस लहान, पण तपासणी झाल्याबरोबर, त्याच जागीं, आणि बोललेला शब्द न मोडतां. पहिल्या निर्दोष तपासणीस एक चिठ्ठी काढावयाची, त्यापुढें सलग निर्दोष ठरल्यास दोन, मग तीन, अशी संख्या वाढत जाते. एकदां जरी दोष निघाला तरी त्या दिवशीं चिठ्ठी नाहीं, व पुढच्या खेपेस पुनः एकापासून आरंभ. शिव्या नाहींत, व्याख्यान नाहीं, आणि दरवाजाही बंद होत नाहीं.

ह्याचा परिणाम मोजलेला आहे. २००५ सालीं पेट्री यांनीं आठ केंद्रांतील कोकेन व मेथ घेणाऱ्या ४१५ रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. बारा आठवडे सलग व्यसनमुक्त राहिलेले रुग्ण, नेहमींच्या समुपदेशनानें शेंकडा पांच निघाले, आणि त्याच समुपदेशनास चिठ्ठ्यांची जोड दिली असतां शेंकडा सुमारें एकोणीस. २०१८ सालीं अशा पन्नास प्रयोगांची एकत्र छाननी झाली. त्यांत सुमारें ६,९०० रुग्ण होते. कोकेन व अँफेटामाइन जातीच्या व्यसनांवरील सर्व मानसोपचारांत, बक्षीस देणें व त्याबरोबरच नोकरी, कुटुंब, फावला वेळ यांची घडी पुनः बसवून देणें, हा जोड-उपचार सर्वांत गुणकारी ठरला. अमेरिकेंत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ही पद्धति २०११ पासून चालू आहे. कॅलिफोर्निया राज्यानें २०२३ सालीं गरिबांच्या सरकारी आरोग्य-योजनेंत ती घेतली, आणि एका रुग्णास वर्षाकांठीं जास्तींत जास्त ५९९ डॉलर मिळतील असें ठरविलें. अमेरिकेंत २०२१ सालीं मेथ ज्यांत मुख्य आहे अशा उत्तेजक द्रव्यांच्या संबंधानें तीस हजारांहून अधिक माणसें मेलीं, हें लक्षांत घेतां ही रक्कम कोणास फार वाटूं नये.

शंभर डॉलरांच्या चिठ्ठीपेक्षां मला त्या अडीचशें 'शाबास'च अधिक मोलाच्या वाटतात. भांड्यांत हात घालणाऱ्यास निम्म्या वेळां त्याहून अधिक कांहीं मिळत नाहीं, तरी तो पुढच्या खेपेस येतो. ज्यास कित्येक वर्षांत कोणीं बरें म्हटलें नाहीं, त्यास समोर बसलेली परिचारिका हंसून तो शब्द वाचून दाखविते, हेंही औषधांतच धरावयास हवें. शिक्षकाच्या धंद्यांत ज्यांचीं वर्षें गेलीं त्यांस याचें नवल वाटणार नाहीं.

आतां आक्षेपांकडे वळूं. निर्व्यसनी मुलास बक्षीस कां नाहीं? कारण तो आजारी नाहीं. हिंवतापानें फणफणलेल्या भावास कोयनेल मिळालें म्हणून धडधाकट भाऊ रुसून बसत नाहीं. शिवाय निर्व्यसनी मुलास त्याचें बक्षीस रोज मिळतच असतें. जेवणाची चव लागते, गाढ झोंप येते, मित्रांत मन रमतें. ज्याचें हें सर्व हरपलें आहे त्यास थोडे दिवस उसनें द्यावयाचें, इतकेंच. दुसरा आक्षेप असा कीं, मिळालेल्या पैशांतून तो पुनः विषच विकत घेईल. म्हणून रोख रक्कम देत नाहींत. वस्तु किंवा ठराविक दुकानांत चालणारी चिठ्ठी देतात. तिसरा आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो. बक्षिसें थांबलीं कीं पुष्कळांचा पाय पुनः घसरतो, आणि दोहों पद्धतींतील अंतर काळानें कमी होत जातें. हें कबूल करावयास पाहिजे. पण रक्तदाबाची गोळी बंद केली असतां दाब पुनः वाढतो, तरी त्या गोळीस कोणी ढोंग म्हणत नाहीं. त्या बारा किंवा चोवीस आठवड्यांत मेंदूस सवड मिळते, मनुष्य शुद्धीवर येतो, आईशीं दोन शब्द बोलतो, एखादें काम धरतो. पुढची लढाई लढावयास तो निदान उभा असतो.

विष विकणाऱ्यास मात्र ह्या क्षमेचा वांटा देऊं नये. त्याच्याशीं कायद्यानेंच बोललें पाहिजे, व तो कायदा कडक असावा.

आपल्याकडे ह्याचा संबंध काय, असें कोणी विचारील. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणींत अँफेटामाइन जातीचीं द्रव्यें घेणारांचें प्रमाण शेंकडा ०.१८ आढळलें, म्हणजे हजारांत दोघांहूनही कमी. अफूच्या जातीचीं द्रव्यें घेणारे त्याच्या दसपटीहून अधिक होते. तथापि म्यानमारमधून मेथ व कॅफीन यांच्या 'याबा' नांवाच्या गोळ्या मिझोराम-मणिपुरांत येतात. आणि २०२४ च्या नोव्हेंबरांत अंदमानजवळच्या समुद्रांत तटरक्षक दलानें एकाच मासेमारी बोटींतून पांच टनांहून अधिक मेथ पकडलें. मुंबई-पुण्याकडे 'एम्. डी.' म्हणून जें विकतात तें मेफेड्रोन. तें ह्याच कुळांतलें उत्तेजक द्रव्य असून २०१५ सालीं आपल्या अंमली पदार्थांच्या कायद्याच्या कक्षेंत आलें. त्याच्यावरही सर्वमान्य औषध नाहीं.

आणि आमचे उपाय कोणते? पहिला उपाय मार. दुसरा कोंडून ठेवणें. कांहीं ठिकाणीं तर साखळीनें बांधणेंसुद्धां. तिसरा उपाय सर्वांत लोकप्रिय व सर्वांत निर्दय आहे: 'लग्न करून द्या म्हणजे सुधारेल.' परक्या घरची मुलगी हें औषध नव्हे, आणि तिच्या आईबापांपासून ही गोष्ट लपवून ठेवणें ही शुद्ध फसवणूक होय. साखळीविषयीं तर कायदाच स्पष्ट आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यांत दारू व मादक द्रव्यें यांच्या सेवनाशीं निगडित मानसिक अवस्था हा आजार मानला असून, रुग्णास कोणत्याही प्रकारें साखळीनें बांधण्यास मनाई आहे. ज्या केंद्रांत मुलास बांधतात किंवा मारतात तेथून त्यास त्याच दिवशीं घरीं आणावें.

चांगलें काम आपल्याकडे झालेलें नाहीं असें नव्हे. पुण्यास डॉ. अनिता अवचट व डॉ. अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं मुक्तांगण सुरू केलें तें ब्राउन शुगरच्या लाटेंत. तेथें बरे झालेले रुग्णच पुढें कार्यकर्ते होऊन नव्या रुग्णांस हात देतात, आणि ह्या कार्याची हकीकत डॉ. अवचटांनीं 'मुक्तांगणची गोष्ट' ह्या पुस्तकांत सांगितली आहे. बक्षिसाची पद्धति मात्र आपल्याकडे अद्याप फारशी रूढ नाहीं. ती आणण्यास मोठें रुग्णालय किंवा परदेशी यंत्र लागत नाहीं. तपासणीच्या पट्ट्या, एक भांडें, चिठ्ठ्या, थोडा निधि आणि शब्द पाळणारा एक मनुष्य, एवढ्यावर भागतें. गांवोगांवच्या ज्या मंडळांस वार्षिक उत्सवासाठीं लाखोंनीं वर्गणी गोळा करतां येते, त्यांतील एखाद्यानें आपल्या भागांतील केंद्रास वर्षभराच्या बक्षिसांचा खर्च दिला तर काय होईल, हें पाहण्याची मला फार उत्सुकता आहे.

पालकांपैकीं कोणावर हा प्रसंग ओढवलाच, तर घरच्या घरीं बक्षिसांचा खेळ मांडूं नये; तपासणी त्रयस्थानें करावी, नाहींतर बापलेकांत रोज भांडण उभें राहतें. पुडी सांपडली त्या रात्रीं चौकशी व दरडावणी करूं नये, कारण अंमल असतांना केलेलें भाषण वाया जातें, आणि संशयानें पछाडलेला मुलगा अंगावरही येऊं शकतो. तो झोंपून उठूं द्यावा, जेवूं द्यावा, मग बोलावें. छातींत कळ येत असेल, ताप चढला असेल, किंवा जीव देण्याची भाषा निघाली, तर वाट न पाहतां इस्पितळांत न्यावें. पोलिसांच्या भीतीनें पुष्कळ आईबाप उपचार टाळतात. त्यांस हें ठाऊक असावें कीं, १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या ६४-अ ह्या कलमान्वयें, स्वतःच्या सेवनासंबंधीं किंवा अल्प प्रमाणासंबंधीं ज्याच्यावर आरोप आहे असा व्यसनी मनुष्य सरकारमान्य ठिकाणीं स्वेच्छेनें उपचार घेऊं लागला व त्यानें तो पुरा केला, तर त्याच्यावर खटला चालविला जात नाहीं. केंद्र सरकारच्या १४४४६ ह्या क्रमांकावर व्यसनमुक्तीसंबंधीं सल्ला विनामूल्य मिळतो. तेथें प्रथम आईनें किंवा वडिलांनीं एकट्यानेंच विचारलें तरी चालतें, मुलगा तयार होईपर्यंत थांबावें लागत नाहीं.